पिवळ्या पानाचा दोष कोणाचा?

कुंडीतले रोप मलूल दिसले की आपला हात आधी पाण्याच्या तांब्याकडे जातो. रोपाने मान टाकली, म्हणजे ते तहानलेले असणार, असे आपण धरून चालतो. पाणी घालतो, आणि चांगले काम केल्याच्या समाधानाने घरात येतो. दुसऱ्या दिवशी रोप अधिकच वाकलेले दिसते, म्हणून अधिक पाणी घालतो. आठवडाभरात देठ बुडाशी काळा पडतो आणि रोप मरते. आपण हळहळतो व म्हणतो, "इतके केले, पण हाती लागले नाही."

वस्तुस्थिती अशी की मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते; ती पोकळी सतत पाण्याने भरून राहिली तर मुळे गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळाला पाणी शोषता येत नाही. म्हणजे रोप पाण्यात उभे राहून तहानेने मरते. वरून दिसणारे लक्षण एकच, मान टाकणे. पण एका रोपाला पाणी हवे असते आणि दुसऱ्याला पाणी हेच विष झालेले असते. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहिले असते, तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता.

आता प्रश्न असा : ज्या हाताने पाणी घातले तो हात प्रेमाचा होता. मग त्या हातावर काही दोष येतो काय?

हेतू शुद्ध असला की माणूस सुटला, असे मानण्याची आपल्याला फार सवय आहे. "त्याच्या मनात वाईट नव्हते" या एका वाक्यावर घरातले, शाळेतले आणि मंडळीतले कितीतरी हिशेब आपण मिटवून टाकतो. मला हा हिशेब इतक्या सहज मिटलेला वाटत नाही. आणि का वाटत नाही, हे सांगायला बागेइतकी सोयीची जागा दुसरी नाही. कारण झाड उलट बोलत नाही, गाऱ्हाणे सांगत नाही, आणि आपण त्याच्याविषयी जे ठरवू ते मुकाट्याने सोसते. कोणी म्हणेल, एका गुलाबाच्या रोपावरून नीतीचा प्रश्न कसला उभा करता? एक गेले तर दुसरे आणता येते. ते खरे, पण पाहण्याची जी सवय रोपापाशी लागते, तीच घेऊन आपण वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलापाशी जातो.

पिवळे पान घ्या. पान पिवळे पडले की "खत कमी पडले" असा निकाल लागतो आणि मूठभर युरिया बुडाशी पडतो. पण पिवळेपण कोणत्या पानापासून सुरू झाले, हे किती जण पाहतात? झाडाला नत्र कमी पडले, तर ते जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पालवीला पुरवते. म्हणून खालची, म्हातारी पाने आधी पिवळी होतात आणि शेंडा बराच काळ हिरवा राहतो. लोहाचे तसे नाही. एकदा पानात गेलेले लोह झाडाला सहसा दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून लोह कमी पडले की कोवळी पाने आधी पिवळी पडतात, आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार राहून पानावर जाळे विणल्यासारखे दिसते. पहिल्या झाडाला मागणे आहे नत्राचे, दुसऱ्याला लोहाचे. दुसऱ्याला युरिया घालणारा माणूस भुकेल्याला कपडे देतो आहे असे म्हणावे लागेल.

बरे, लोह कमी म्हणजे मातीत लोह नाही, असेही नव्हे. इंदूर किंवा वडोदऱ्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह असते, परंतु चुन्यामुळे ते अशा रूपात अडकून पडते की मुळांना ते घेता येत नाही. उलट गोव्यातली जांभ्याची तांबडी माती लोहाने भरलेली आणि आम्लधर्मी. तिथे बागेतले पान पिवळे पडले तर सहसा दुसरे कारण शोधावे लागते. पुष्कळदा असेही होते की बंगल्याची डागडुजी झालेली असते, भिंतीचा जुना चुना आणि सिमेंटचे तुकडे कोपऱ्यात पुरलेले असतात, आणि दोन वर्षांनी त्याच कोपऱ्यातले लिंबू पिवळे पडते. दोष लिंबाचा नसतो, माळ्याचाही नसतो. गवंड्याने दोन वर्षांपूर्वी उचलायचा राडारोडा तिथेच गाडलेला असतो. दुखणे एकीकडे दिसते आणि कारण दुसरीकडे, काळानेही दूर, असते. ज्याच्या हाती आज झारी आहे त्याच्यावर आळ घेणे सोपे, एवढेच.

हिरवळीचीही तीच कथा. आगस्टात हिरवळीवर तपकिरी पट्टे पडतात. पाणी द्या, खत द्या, गवत काही सुधारत नाही. अशा वेळी पट्ट्याच्या कडेला गवताची मूठ धरून ओढून पाहावी. गवत सतरंजीसारखे उचलून आले तर खाली हुमणीच्या पांढऱ्या, अर्धवर्तुळात वाकलेल्या अळ्या मुळे खात बसलेल्या सापडतील. त्यांचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर गोळा होतात. तेव्हा फांद्या हलवून ते वेचले असते तर आगस्टात ही पाळी आली नसती. लव्हाळ्याविषयी मात्र सांगण्यासारखे फार नाही. तो वरून उपटणाऱ्याला हसतो. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या असतात आणि पान तुटले तरी गाठ खालीच राहते.

चुकीच्या निदानापेक्षा चुकीचा आरोप अधिक वाईट. जास्वंदीवर मुंग्यांची रांग चढताना दिसते, पाने काळवंडलेली असतात. आपण मुंग्यांवर पावडर टाकतो. मुंग्या पाने खात नाहीत. शेंड्यापाशी मावा किंवा पिठ्या ढेकूण रस शोषत बसलेला असतो, त्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, तो चाटण्यासाठी मुंग्या येतात, आणि त्याच चिकट्यावर काजळीसारखी बुरशी वाढते. मुंग्या अगदी निर्दोष आहेत असे नाही. आपल्या गोड शिदोरीचे रक्षण करताना त्या माव्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. तरी मूळ चोर त्या नव्हेत.

आणि शत्रू कोण, मित्र कोण, हे ओळखण्यात तर आपण फारच घाई करतो. पिठ्या ढेकूण खाणारा एक लहानसा ढालकिडा आहे, क्रिप्टोलीमस नावाचा. तो १८९८ साली ऑस्ट्रेलियाहून भारतात आणला गेला आणि इथे रुळला. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी मढलेली असते, थेट पिठ्या ढेकणासारखी. फरक इतकाच की ढेकूण बहुधा एका जागी चिकटून असतो आणि ही अळी लगबगीने हिंडते, आकारानेही मोठी असते. किती घरांत ही अळी "केवढा मोठा ढेकूण!" म्हणून आधी चिरडली जात असेल! जो मदतीला आला, तोच शत्रूच्या पोशाखात असल्यामुळे पहिला मारला जातो. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोईमतूरकडे प्रथम आढळला आणि पुढे दूरवर पसरला, तेव्हाही फवारे मारून मारून लोक थकले. अखेर २०१० साली परदेशातून आणलेल्या इवल्याशा परोपजीवी कीटकांनी त्याला आवर घातला. विषारी फवारा मात्र ढेकूण आणि त्याचा वैरी यांत भेद करीत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की ही सारी बागवानांची कसरत आहे. म्हणून एका मोठ्या निदानाची हकिगत सांगतो. ती एका धर्मोपदेशकाची आहे.

१८४५ साली युरोपातल्या बटाट्याच्या शेतांवर एक रोग उतरला. पानांवर काळपट डाग, पानांच्या पाठीवर पांढुरकी बुरशी, काही दिवसांत सारे शेत काळे, आणि जमिनीतले बटाटे कुजून दुर्गंधी सुटलेली. आयर्लंडमधल्या गरिबांचे पोट केवळ बटाट्यावर चालत असे. पुढच्या सहा-सात वर्षांत तिथली सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली आणि आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. हे का झाले, यावर विद्वानांत वाद लागला. लंडनचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांचे म्हणणे, की त्या वर्षीच्या थंड व ओल्या हवेने झाडांत पाणी साचले व ती कुजली. बुरशी ही कुजण्यावर नंतर आलेली. नॉर्दम्प्टनशायरमधल्या एका खेड्यातले पाळक, रेव्हरंड माइल्स बर्कली, यांना बुरशींच्या अभ्यासाचा नाद होता. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती पाने तपासली आणि १८४६ साली लिहिले की बुरशी हा परिणाम नसून तीच कारण आहे. पुष्कळांनी ते मानले नाही. एवढीशी बुरशी एवढे शेत मारील, हेच त्यांना खरे वाटेना. १८६१ साली जर्मनीत आन्टोन डी बारी यांनी निरोगी झाडाला ती बुरशी लावून रोग उत्पन्न करून दाखवला, तेव्हा पंधरा वर्षांनी बर्कली खरे ठरले. पुढे डी बारींनीच तिला फायटॉफ्थोरा हे नाव दिले.

परंतु या हकिगतीत तिसरेही एक निदान होते, आणि ते आपल्या वाचकांनी विसरू नये. पुष्कळ प्रतिष्ठित माणसे म्हणत होती की हा आयरिश लोकांच्या आळसाला व अज्ञानाला मिळालेला ईश्वरी दंड आहे. दुष्काळनिवारणाचा सरकारी कारभार ज्यांच्या हाती होता ते चार्ल्स ट्रेव्हेल्यन (हे पुढे १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर होऊन आले) या संकटाकडे ईश्वरी योजनेने आलेला धडा म्हणून पाहत. असे मानणाऱ्याचा हात मदतीसाठी कितीसा सैल होणार? भुकेल्या माणसावर आळशीपणाचा आरोप ठेवला की त्याला द्यायची भाकरी आपोआप लहान होते. आणि बर्कलींचे निदानसुद्धा बटाट्यापुरतेच पुरे होते. बटाटा बुरशीने कुजला. पण माणसे मेली ती केवळ बुरशीने नव्हे. जमीन दुसऱ्याची, खंड भारी, पोटाला एकच पीक, आणि दुष्काळातही धान्य देशाबाहेर जात राहिलेले. पानाचे निदान सूक्ष्मदर्शकाने होते. घरादाराचे निदान करायला मात्र खंडाच्या वह्या आणि बंदरातल्या गलबतांच्या याद्या पाहाव्या लागतात.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात दोन गोष्टी एकापाठोपाठ येतात, हे आपल्या लक्षात क्वचितच येते, कारण शब्बाथशाळेत त्या वेगवेगळ्या रविवारी शिकवल्या जातात. आधी शिलोहाच्या बुरुजाखाली सापडून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतरांहून अधिक पापी होते म्हणून मेले, हे निदान प्रभू तिथे साफ नाकारतो. आणि लगेच पुढे फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला. मालक तीन वर्षे वाट पाहून तोडायला सांगतो. माळी काय करतो, हे एका बागवानाच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. झाड निर्दोष आहे, असे तो म्हणत नाही. सोडून द्या, असेही म्हणत नाही. भोवतालची माती खणून खत घालायची परवानगी मागतो. म्हणजे झाडाचा न्याय करण्यापूर्वी जमीन आणि स्वतःचे काम तपासायला निघतो. मुदतही घालून घेतो, एका वर्षाची. मला या माळ्याची दया जितकी आवडते तितकाच त्याचा नेमकेपणा आवडतो. नुसती दया असती तर तो वर्षभर झाडाजवळ उसासे टाकीत बसला असता.

यावरून थांबणे हाच सद्गुण, असे कोणी समजू नये. वर्ष थांबायचे की आजच हात चालवायचा, हे रोगावर ठरते. गोवा, कोकण आणि खाली कर्नाटकापर्यंत पोफळीच्या बागांत पावसाळ्यात कोळेरोग येतो. सुपाऱ्या कोवळ्या असतानाच कुजून गळतात. हा रोग त्याच फायटॉफ्थोराच्या कुळातला. गळ दिसल्यावर उपाय शोधणाऱ्याचे अर्धे पीक गेलेले असते. पाऊस धरण्याआधीच घोसांवर बोर्डो मिश्रण फवारावे लागते, आणि दीड महिन्याने पुन्हा एकदा. या मिश्रणाचा जन्मही मौजेचा आहे. फ्रान्समधल्या बोर्डो प्रांतात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद व चुना शिंपडून ठेवीत. १८८२ साली प्राध्यापक मिलार्डे यांच्या ध्यानात आले की मळा रोगाने झडला आहे, पण रस्त्याकडेच्या या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. चोरांसाठी केलेली युक्ती रोगाला लागू पडली. शेकडो लोक त्या वाटेने गेले असतील, थांबून "याच वेली का?" असे विचारणारा एक निघाला. बर्कलींच्या निदानापासून या औषधापर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे गेली, हेही खरे.

औषध म्हटले की आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्याकडे निदान करणारा एक आणि फवारणी करणारा दुसरा, असे पुष्कळदा असते. व्हरांड्यात बसून "काहीतरी जालीम आण" म्हणणारा मालक, आणि तोंडाला फडका न बांधता उलट्या वाऱ्यात पंप मारणारा रोजंदारीचा माळी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. आपल्या चार गुलाबांची त्या शेतांशी तुलना नाही. तरी चूक निदानाची किंमत निदान करणाराच मोजतो असे नाही, हे तिथे दिसते तसे अंगणातही दिसते. भुरीवर कीटकनाशक मारणे (भुरी ही बुरशी आहे, कीटक नव्हे) म्हणजे माळ्याला फुकट विष पाजणे होय. शुद्ध हेतू इथे कोणाच्या उपयोगी पडला? म्हणून माझे मत असे की पाहण्याचा कंटाळा हा स्वतंत्र दोष आहे. हेतू कितीही चांगला असला तरी तो त्यात झाकला जात नाही. ज्याला कळणे शक्यच नव्हते त्याची गोष्ट निराळी; पण ज्याला बोट मातीत घालता आले असते आणि ज्याने ते घातले नाही, त्याला मी सोडणार नाही.

सर्वांत अवघड जागा राहिली. काही रोगांना उपाय नसतो. केळीचा पर्णगुच्छ त्यांपैकी एक : नवी पाने आखूड, ताठ, अरुंद येतात आणि शेंड्याला मोरासारखी दाटतात, देठावर व शिरेजवळ गर्द हिरव्या रंगाचे ठिपके आणि रेघा, तारायंत्रातल्या खुणांसारख्या, दिसतात. विषाणू माव्यावाटे एका केळीवरून दुसरीवर जातो. त्या बेटाला बरे करण्याचे औषध नाही, आणि ते जितके दिवस उभे राहील तितके दिवस शेजारच्या बागा धोक्यात. इथे अंजिराच्या माळ्याचे वर्ष मागणे म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने दया करणे होईल. पण केळ जर आपली नसून शेजारच्या विधवा बाईंची असेल, आणि त्या बेटाची चार पाने व एखादा घड विकून त्यांचे काही भागत असेल, तर? "मावशी, तुमची केळ उपटून टाका" हे कुंपणावरून ओरडून सांगायला आपल्याला कोणी अधिकार दिला? सांगितले नाही तर इतरांच्या केळी जातील. सांगितले तर त्यांच्या तोंडचा घास जातो.

अशा वेळी सकाळच्या उजेडात त्यांच्याबरोबर बेटापाशी उभे राहावे, पान उताणे करून त्या रेघा त्यांना स्वतःला पाहू द्याव्यात, आणि शेजारचे एक चांगले पान दाखवून फरक विचारावा. त्या "अजून थोडे थांबू" म्हणतील, तर एक नवे पान फुटेपर्यंत थांबून पुन्हा दोघांनी पाहावे; त्याहून अधिक थांबू नये. काढायचे ठरले तर घाईने कोयता चालवू नये, कारण बेट हलताच मावा उडून पुढच्या केळीवर बसतो. आधी पोंग्यात आणि बुडाशी साबणाचे पाणी मारून मावा मारावा, मग कांद्यासकट खणून, तुकडे करून तिथेच पुरावे. खणायला आपण जावे, त्यांना मजूर लावायला लावू नये. आणि घडाचे जे पैसे बुडाले ते मंडळीतल्या दोन-चार घरांनी वाटून द्यावेत, शिवाय पुढच्या पावसाळ्यात दूरच्या, खात्रीच्या बागेतला एक निरोगी मुनवा आणून त्यांच्या अंगणात दुसऱ्या जागी लावून द्यावा.